अनघाताईच्या ग्रुपमध्ये हळद्याला बंदी नाही

मेलेल्या माणसाचं नाव घेऊन जिवंत माणसाला हाकलू नका.

एवढंच लिहून थांबणार होते. पण राग मावत नाहीये.

आमची अनघाताई मंगळवारी गेली.

सिंगापुरातल्या मराठी पक्षीवेड्यांच्या फेसबुक ग्रुपची ती अ‍ॅडमिन. मी दुसरी अ‍ॅडमिन, पण नावापुरती. सगळं तीच बघायची. शेवटी शेवटी तर केमोच्या खुर्चीत बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

ती गेल्यापासून ग्रुपवर हात जोडलेले इमोजी आणि श्रद्धांजल्या.

त्यातली सगळ्यात लांबलचक श्रद्धांजली एका ज्येष्ठ मेंबरांची. लेन्स मोठी, ज्ञान मोठं, दोन्ही खरं आहे. त्यांनी लिहिलं, "ताईंनी आम्हाला नवख्यांशी प्रेमाने वागायला शिकवलं."

वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

दुसऱ्याच दिवशी एका नव्या मेंबरची पहिली पोस्ट आली. साताऱ्याकडच्या काकू, सेरंगूनला लेकीकडे नातवाला सांभाळायला आलेल्या. किचनच्या खिडकीतून मोबाइलवर काढलेला फोटो, ग्रिलसकट.

खाली लिहिलं होतं, "हा आमच्याकडचा हळद्याच वाटतो. पण याचं डोळ्यांतलं काजळ पार मानेमागे गेलंय. हा वेगळा असतो का? कुणी सांगेल का?"

कित्येक दिवसांनी मला हसू आलं. लगेच अप्रूव्ह केलं आणि ऑफिसला गेले.

लंचला फोन उघडला तर खाली त्या ज्येष्ठांची कमेंट.

"ब्लॅक-नेप्ड ओरिओल. इथे कावळ्याइतका कॉमन. आधी सर्च करत जा. आणि ग्रुप दुःखात असताना खिडकीतले धूसर फोटो कसले टाकता? निदान ताईंचा तरी मान ठेवा."

त्यावर लाइक्स पण!

काकूंनी खाली लिहिलं होतं, "माफ करा. मला कल्पना नव्हती."

मी काही टाइप करेपर्यंत त्यांनी पोस्ट काढून टाकली. ग्रुपही सोडला.

ताईचा मान म्हणे. तुम्हाला ताई कळली होती का हो?

ज्यांना माहीत नाही त्यांना तिची पद्धत सांगते.

नव्या माणसाची पहिली पोस्ट आधी अ‍ॅडमिनकडे येते. त्यात पक्षी चुकीचा ओळखलेला असला की ताई त्या माणसाला फोन लावायची. "फोटो फार छान आलाय हं. फक्त शेपटी परत एकदा बघता का?"

माणूस स्वतःच बघायचा, स्वतःच दुरुस्त करायचा, मग पोस्ट लागायची. बाकीच्यांना वाटायचं, काय हुशार मंडळी येतात आपल्याकडे!

माझंच सांगते. बुकित बातोकला काढलेल्या फोटोवर मी "शिकरा!!!" असं ठोकून दिलं होतं. शिकारी पक्षी कसला, निघाली ठिपक्याठिपक्यांची कोकिळा. ताई फोनवर इतकी हसली की मीही हसले. पण बाहेर कुणाला एक अक्षर बोलली नाही.

एकदा हॉकर सेंटरमध्ये चहा पिताना मी तिला म्हटलं, "एवढा वेळ कशाला घालवतेस गं? कमेंटमध्ये एक ओळ टाकून मोकळी हो की."

ती म्हणाली, "अगं, सगळ्यांसमोर चूक काढली की माणसाच्या लक्षात पक्षी राहतच नाही, बघणारे राहतात. मग तो परत कधी विचारत नाही."

आता त्या ज्येष्ठांबद्दल.

त्यांचीही एक पहिली पोस्ट होती. मी ती बघितली आहे. कुठला पक्षी होता आणि त्याला त्यांनी काय म्हटलं होतं, ते काल मी अगदी रंगवून लिहिलं. कमेंट तयार होती. वाचणाऱ्यांची हसून पुरेवाट झाली असती.

पुसली.

दया आली म्हणून नाही. ताईने जे पोटात ठेवलं, ते चव्हाट्यावर आणायचा मला अधिकार नाही म्हणून.

फोन मात्र केला. ताईसारखाच. आवाज तिच्याइतका गोड नव्हता, एवढाच फरक.

"ग्रुपचा स्टँडर्ड राखायला नको का?" ते म्हणाले.

म्हटलं, "तुमची पहिली पोस्ट आठवते का?"

ते घाईघाईने म्हणाले, "जरा मीटिंग आहे, नंतर बोलू."

बोलू ना. मी कुठे जातेय?

मग काकूंना फोन लावला. मी तावातावाने बोलत होते आणि त्या मलाच समजावत होत्या.

"अगं बाई, त्यांचं बरोबर आहे. तुमच्यात सुतक, आणि मी आपली पिवळं पाखरू दाखवत बसले. लेक-जावई ऑफिसला जातात, दिवसभर मी आणि बाळ. कुणाशी तरी मराठीत बोलणं होईल म्हणून विचारलं गं."



मी म्हटलं, "काकू, जी गेली ना, तिने तुम्हाला लगेच फोन केला असता."

"काय म्हणाल्या असत्या?"

"म्हणाली असती, काजळ अगदी बरोबर टिपलंत."

काकू हळूच म्हणाल्या, "आज पण आलाय तो. समोरच्या झाडावर बसलाय."

काकू ग्रुपवर परत आल्यात. फोटोही परत लागलाय, ग्रिलसकट. प्रश्न तोच आहे.

उत्तर मला येतं, पण मी देणार नाही. ज्यांनी ज्यांनी ताईसाठी हात जोडलेत, त्यांनी आधी तिथे जाऊन काकूंना नीट, प्रेमाने उत्तर द्यायचं.

तोवर तुमच्या सगळ्या श्रद्धांजल्या माझ्याकडे पेंडिंग आहेत.

अनघाताई, तू नीज आता. ग्रुप मी बघते.