भोंग्यातलं मैदान

चुडाव्यात फुटबॉल बघणारे थोडे आणि ऐकणारे फार. रविवारचे सामने दिवाळीनंतर सुरू व्हायचे, आणि तेव्हाच कापसाची वेचणी ऐन भरात असायची. फुटलेलं बोंड रविवार ओळखत नाही. मैदान स्टेशनच्या अंगाला, शेतं ओढ्यापलीकडे. म्हणून बन्सीधर मैदानाकडेच्या कडुलिंबाला दोन भोंगे बांधायचा, तोंडं शेतांकडे करून. मग खाली खुर्ची टाकून माइक हातात घ्यायचा.

बन्सीधर लग्नाकार्याला भोंगे भाड्यानं देणारा माणूस. त्याची बायको सुमनबाई दुसऱ्यांच्या रानात वेचायला जायची. सामना तिनं कधी पाहिला नव्हता. पहिल्याच वर्षी तिनं विचारलं होतं, "आवं, दिसभर त्या डब्ब्यात काय बोलायलता तुमी?" तेव्हापासून तो तिच्यासाठी बोलू लागला. बाकीचं गाव फुकटात ऐकायचं.

तिच्यासाठी म्हणून शब्द थोडे गोड यायचे. मैदान काळ्या मातीचं, भेगाळलेलं, एका बाजूला कललेलं. भोंग्यातून ते गार व्हायचं, हिरवं व्हायचं. पोरं हरणासारखी पळायची. चेंडू कुठंही गेला तरी गोलाच्या बारला चाटून जायचा. समोरच्यानं गोल केला की त्याचं नशीब जोरावर असायचं. गोलांचा आकडा मात्र बन्सीधरनं कधी खोटा सांगितला नाही. आकडा आकड्याच्या जागी. भोवतीचं सगळं त्यानं हवेत बांधलेलं.

बाया ओटीत कापूस भरत ऐकत राहायच्या. पांढऱ्या रानात त्यांचे हात चालायचे आणि डोळे दुसरीकडेच कुठं तरी असायचे. संध्याकाळी चुलीपाशी सुमनबाई तोच सामना त्याला परत सांगायची. तिच्या सांगण्यात मैदानाला कारंजं होतं. बन्सीधर भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकायचा. आपण सांगितलं त्याहून हे चांगलं, असं त्याला वाटायचं.

गेल्या वर्षी गावाचा संघ जिल्ह्याच्या स्पर्धेत वरच्या गटातून खाली घसरला.

गाव चार दिवस सुन्न होतं. कुणालाच उमजेना. एवढं चांगलं खेळणारी पोरं घसरली कशी? मग गावानंच उत्तर काढलं. वरच्या गटात नशिबानं दगा दिला. आता खालच्या गटात आपल्यापुढं टिकतंय कोण? संघाचे अध्यक्ष माणिकराव यांनी गुलालाचं पोतं आणून घरात ठेवलं. हलगीवाल्यांना सांगून झालं. पारावर कुणी म्हणालं, नुसत्या पाच गोलांनी जिंकलो तर ते काय जिंकणं.

खालच्या गटातला पहिलाच सामना पिंगळीच्या संघाशी झाला, आणि चुडावा तीन गोलांनी हरलं. बन्सीधरच्या भोंग्यात मात्र चेंडू सात वेळा बारला लागला.

त्यानंतर पोरांना गावात फिरणं मुश्किल झालं. नळावर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर, जिथं जावं तिथं टोमणे. गोलकीपर मुंजाजी तर सरळ चपला घालून मामाच्या गावाला निघून गेला.

संघाचा कप्तान महारुद्र एका संध्याकाळी बन्सीधरच्या दारात आला. बन्सीधर ओट्यावर बसून वायरींचं वेटोळं सोडवत होता.

"काका, या ऐतवारी शेवटचं खेळनार मी."

"का रं? पायाला काय झालं?"

"पायाला काय व्हतंय. घरी मायच बोलायली. म्हनती, येवढा बारला लागायलाय, तर बार जरा सरकून घ्या की."

बन्सीधरला हसू आलं. महारुद्र हसला नाही.

"पिंगळीच्या मॅचला एकदा तरी लागला का बारला? खरं सांगा. आमी लय वंगाळ खेळायलाव, काका. शिकू बी. पर तुमी आमाला वाघ करून ठिवलंय. वाघानं हरलं की लोकं माफ करतेत व्हय?"

"मी चांगलंच बोललो की रं तुमच्याबद्दल."

"त्येच तर."

पोरगा गेला. सुमनबाई आत तांदूळ निवडत होती. तिनं ऐकलं की नाही, हे बन्सीधरला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. पण वायर हातात तशीच राहिली. भोंग्यावर खरं सांगितलं तर महारुद्र खेळत राहील, पण हिच्या डोळ्यांतलं मैदान मरेल. आता एकच काय ते राहणार होतं.

रविवारी ऊन मऊ होतं. रानावर कापसाचा पांढरा थर, त्यावर तरंगल्यासारख्या बायांच्या ओढण्या आणि पदर. बन्सीधरनं माइकवर दोनदा फुंकर मारली.

"मैदान सुकलेलं आहे," तो म्हणाला. "भेगा पडल्यात. उतार आपल्या गोलाकडं आहे."

पलीकडं एक बाई वाकली होती, ती उभी राहिली.

"महारुद्रनं चेंडू मारला. बाहेर. बार फार लांब राहिला." थोड्या वेळानं, "समोरच्यांचा गोल. चांगला मारला त्यांनी. नशीब नाही, पोरगा चांगला आहे." मग, "आपल्या तिघांना एकाच वेळी दम लागलाय."

रानातलं बोलणं बंद झालं. नुसता भोंगा घुमत राहिला. मध्यांतराला माणिकराव तरातरा लिंबाखाली आले.

"बन्सीधर, काय लावलंय? बायाचं काम थांबलं तकडं. आपलीच इज्जत आपन भोंग्यावर घालवायची?"

"हाय त्येच सांगायलोय, मालक."

"हाय त्ये सांगाया तुला कशाला आनलंय? हाय त्ये कुनाला पायजे?"

माणिकराव माइकला हात घालून तिथंच थांबले. ते ओढ्याकडं बघत होते.

बाया येत होत्या. ओढा ओलांडून, ओटीत कापूस तसाच ठेवून, एकीमागं एक. पुढं सुमनबाई होती. मैदानाच्या कडेला येऊन त्या उभ्या राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "हेच व्हय? ह्या मैदानापायी का ग दर ऐतवारी डोळे लावून बसायलाव आपन?" दुसरी म्हणाली, "पोरं तर लय बारीक हायत ग." सुमनबाई नुसती बघत होती. बन्सीधरला तिच्याकडं बघवेना. माणिकरावांचा हात माइकवरून कधी निघाला ते त्यांनाही कळलं नाही.

खेळ परत सुरू झाला. बन्सीधर हळू आवाजात सांगत राहिला, आता बघणाऱ्यांनाच. महारुद्र घसरला, उठला, पुन्हा धावला. समोरच्या गड्याच्या पायाला लागून चेंडू त्यांच्याच गोलाच्या बाजूनं बाहेर गेला.

"कॉर्नर," बन्सीधर म्हणाला. "आपल्याला. हा खरा मिळालाय."

कडेच्या बायांतून आरोळी उठली. एका साध्या कॉर्नरला. पोरं जागच्या जागी थबकली. आपल्यासाठी कुणी ओरडतंय, हे त्यांनी इतक्या जवळून कधी ऐकलं नव्हतं. महारुद्रनं चेंडू कोपऱ्यात ठेवला, चार पावलं मागं गेला आणि मारला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून, गोलावरून, पलीकडं कडेला उभ्या बायांमध्ये गेला.

"बाहेर," बन्सीधर म्हणाला. मग त्याला थांबावं लागलं. "चेंडू… सुमनबाईजवळ आहे."

तिनं ओटी एका हातानं सावरली होती आणि दुसऱ्या हातानं चेंडू छातीशी धरला होता. ती तो फिरवून फिरवून बघत होती. महारुद्र धापा टाकत पुढ्यात येऊन उभा राहिला.

"द्या की काकू. मॅच राहिलीय."

"लय जड हाय की रं ह्यो." ती चेंडूकडंच बघत होती. "आन तुमी पायानं उडवताव?"

"हरायलाव, काकू."

"दिसायलंय मला." तिनं चेंडू त्याच्या हातात दिला. पदरानं त्याच्या कपाळावरची माती पुसली. "म्होरच्या ऐतवारी हाय का मॅच?"

महारुद्रनं एकदा मैदानाकडं पाहिलं, एकदा कडेला उभ्या सगळ्या बायांकडं.

"हाय," तो म्हणाला. "हितंच."