झारीची जास्तीची धार

भिंत पातळ होती, त्याला मी काय करणार? पलीकडे माझे धाकटे दीर आणि जाऊ भांडत होते, आणि मी इकडे भाजी निवडत होते.

"तुझ्या दाण्यांनी झाडांची तहान भागली, तर मला कामावर कोण ठेवील?"

"मग तुमच्या नोकरीपायी झाडं तहानलेली ठेवायची?"

"ठेव!"

मग भांडं आदळलं. दिसलं नाही, पण आवाज जावेच्या हाताचा होता.

भाऊजी नगरपालिकेचे पाणीवाले. रस्त्यावरच्या कुंड्यांना झारीने पाणी घालायचे, झाडांशी गप्पा मारायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला पत्ता सांगायचे आणि तासाभराचं काम दुपारपर्यंत पुरवायचे. जाऊ रोपांच्या प्रयोगशाळेत कामाला. गवारीच्या बियांची पूड खत घालून शिजवायची, वाळवायची आणि तिचे दाणे पाडायची. मातीत पुरले की ते पाणी पिऊन जेलीसारखे फुगतात आणि खत थोडं थोडं सोडतात.

मी म्हटलं, "म्हणजे सासूबाईंचा साखरेचा डबा! चमचा चमचा साखर मिळायची, डबा एकदम हाती यायचाच नाही."

नगरपालिकेच्या कचेरीने दाणे पारखायला नेमका भाऊजींचाच रस्ता निवडला. पाणी एक दिवसाआड घाला, असा हुकूम. भाऊजींनी रोज घातलं, तेही दोनदा. दाणे असे टरारून फुगले की रोपं उचलून वर आली. मुळं उघडी टाकून पाहुण्यांसारखी गादीवर बसली!

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बंद करा हे दाणे."

जावेची कित्येक वर्षांची मेहनत मातीत जायची वेळ आली. त्या रात्री भिंतीपलीकडून चकार शब्द आला नाही. भांडंसुद्धा आदळलं नाही. भाऊजींना तेच सोसलं नाही. सकाळी उठून थेट साहेबांपुढे उभे राहिले. "दाण्यांची चूक नाही. जास्तीचं पाणी मी घातलं. बायकोच्या दाण्यांनी माझं काम जाईल, अशी भीती वाटली."

साहेब हसले म्हणे. दाणे पेरायला आणि कुंड्यांवर नजर ठेवायला माणूस लागणारच होता. त्यांनी भाऊजींना आणखी दोन रस्ते दिले. काम जायचं राहिलं, उलट चपला झिजल्या.

पण हाताची खोड जाते कुठे? पाणी घालून झालं की भाऊजी इकडेतिकडे बघून एक धार जास्तीची सोडायचेच. ती धार हिशेबात धरून जाऊ त्यांच्या पुडीत दाणे कमीच घालायची.

मी विचारलं, "त्यांना सांगितलंस का?"

"छे! सांगितलं तर दोन धारा घालतील."

भाऊजी गेले ते झोपेतच, मागच्या वर्षी. नोकरी केव्हाच संपली होती, तरी कोपऱ्यावरची कुंडी त्यांचीच. आदल्या संध्याकाळी मी दुकानातून परतत होते. जावेने दिलेली पुडी त्यांनी सोडली, दाणे पुरले, बेताचं पाणी घातलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि झारी पुन्हा कलती केली. तेवढ्यात मी दिसले.

"वहिनी, घरी बोलू नका हं!"

"मी कशाला बोलू?"

रिकामी झारी हलवत ते माझ्यापुढे घराकडे निघाले.