घटपर्णी आणि बॅटरीवाला

लेकीच्या बाळंतपणाला निघताना बॅटरीवाल्याच्या बायकोनं नवऱ्याच्या जेवणाची सोय एका वाक्यात उरकली. झाडाबद्दल सांगायला मात्र तिनं दारात गाडी खोळंबवली.

"अहो, घटपर्णीला नुसतं पाणी घालायचं. बाकी हात लावायचा नाही. लेकीची एवढी एकच आठवण आहे घरात."

"आणि मी?"

"तुम्ही माझ्या बापानं गळ्यात घातलेले."

ती गेल्यावर त्यानं झाड पहिल्यांदा नीट पाहिलं. पानांच्या टोकाला मडकी लोंबत होती, वर झाकणं, आत पाणी. उभ्या जन्मात त्यानं झाड लावलं नव्हतं, पण हा माल ओळखीचा वाटला. डबा, झाकण, आत ॲसिड. बॅटरीचा सेलच की हा! डोकावला तर तळाशी मेलेल्या मुंग्यांचा काळा गाळ. नाक मुरडत त्यानं सगळी मडकी उलटी केली, साबणानं विसळली आणि नळाच्या पाण्यानं काठोकाठ भरली.

मडक्यांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या. माल उतरला की चार्जिंगला लावायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक. कुंडी गच्चीवर भर उन्हात गेली, बुडाशी मूठभर खत पडलं. पानं आधी लाल झाली, मग करपली. किडेमुंग्या गिळणारं हे झाड, आणि खाऊ घातलं तर माना टाकतं? त्याचं डोकं चालेना.

कुंडी काखेत मारून तो रोपवाल्याकडे गेला.

"काका, याला खत घातलंत? मुळं जळाली की! मातीत काही मिळत नाही म्हणून तर हे किडे खातं."

"म्हणजे उपाशी ठेवू?"

"उपाशीच बरं. आणि ऊन पडद्याआडचं."

"मडकी परत हिरवी होतील ना?"

"ती गेली. नवं पान येतंय का बघा."

रोपवाल्यानं खताची माती झाडून झाड नारळाच्या धुतलेल्या भुशात लावून दिलं. बॅटरीवाला घरी आला तो आणखीच गोंधळून. अशक्ताला उपाशी ठेवायचं, म्हणे.

बायकोचा फोन यायचा. "मडकी आहेत ना?"

"आहेत." खोटं कुठं होतं? वाळून का होईना, लोंबत होती.

"पाणी कुठलं घालता?"

"नळाचं."

"अहो! मी तुमच्याच दुकानातलं घालत होते. पाणी म्हटल्यावर तुम्हाला दुसरं काही सुचेल असं वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या बॅटरीला डिस्टिल वॉटर, आणि माझ्या झाडाला नळाचं?"

दुकानातले पाण्याचे कॅन मोजणीत कमी भरतात म्हणून भागीदारावर संशय घेऊन तो त्याच्याशी वर्षभर धड बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं भागीदाराला चहा पाजला, कारण सांगितलं नाही, आणि एक कॅन घरी आणला. तरी मडकी एकेक करून गळतच राहिली. मधून एक पान फुटलं होतं, पण त्याच्या टोकाला नुसता दोरा. त्याला ते पान बिघाडच वाटलं.

बायको परतली तेव्हा तो कात्री घेऊन खिडकीत उभा होता.

"अगं, आधी ऐक तर..."

तिनं वाळल्या मडक्यांकडे पाहिलंही नाही. कात्री हिसकावली, दोरा बोटावर घेतला. टोकाला तांदळाएवढी गाठ होती, तिला इवलंसं झाकण, घट्ट मिटलेलं.

"जगवलंत की! काय केलंत?"

त्यानं आठवून पाहिलं. काय घातलं, काय काढलं, कशानं बरं झालं, काही ताळमेळ लागेना. "मला काय माहीत?" तो म्हणाला. मग गाठीकडे वाकला. "झाकण तर बंद आहे. आत पाणी कुठून भरायचं?"

"ते आपलं आपण भरतं."

"मग मी कशाला?"

"कॅन आणायला," ती म्हणाली, आणि कात्री फळीवर उंच ठेवून दिली.