आधी शेपूट बघा

मी इंग्रजीचे काळ शिकवतो, आणि मला इंग्रजी बोलता येत नाही. हे एवढं लिहायला पन्नाशी उलटावी लागली. लिहिल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

कोल्हापुरात एका दवाखान्याच्या माडीवर माझा क्लास आहे. पद्धत एकच. आधी वाक्य मराठीत म्हणायचं, मग क्रियापदाचं शेपूट बघायचं. ‘तो’ असेल तर साधा वर्तमान, ‘त आहे’ असेल तर चालू, ‘ला आहे’ असेल तर पूर्ण. मग भिंतीवरच्या तक्त्यातला इंग्रजी साचा उचलायचा. पोरं सुरात म्हणतात, परीक्षेत मार्क पडतात. त्यामुळं मला कधी कुणी काही विचारलं नाही, आणि मी गप्प राहिलो.

गेल्या वर्षी कोडोलीच्या एक नर्स यायला लागल्या. चाळिशीला टेकलेल्या. परदेशातल्या नोकरीसाठी फोनवर इंग्रजीत मुलाखत द्यायची होती, आणि वयाची मर्यादा जवळ आलेली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, “सर, आज तक्ता राहू दे. माझ्यासंगं इंग्रजीत बोला की थोडं.”

“आधी पूर्ण भूतकाळ पक्का करा, सिस्टर,” म्हणालो. त्यांनी वही उघडली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा.

मुलाखत झाल्यावर त्या पुन्हा आल्या. “त्या बाईनं विचारलं, पेशंट अचानक बिघडला तवा तुमी काय केलं? मी मनात मराठी वाक्य केलं, शेपूट बघितलं, तक्ता आठवला. तवर ती तिकडनं हॅलो हॅलो करायलीती.”

“मग?”

“मग काय! तेवढ्यात पेशंट मेला असता, सर.” त्या हसल्या. मला हसता आलं नाही. “सोमवारी परत घेत्यात म्हणं. शेवटची.”

तेव्हा सांगून टाकलं. मला बोलता येत नाही, म्हणून त्या दिवशी टाळलं.

“व्हय? हे आदी सांगायचं न्हाय व्हय?”

“दुसरे कोणी सर बघून देतो.”

“आता कवा बघणार? बसा. चुकत का हुईना, विचारा.”

विचारलं. माझाच प्रश्न मध्ये दोनदा अडकला. त्या बोलायला लागल्या. ऑक्सिजन, बीपी, डॉक्टरांना फोन. हातवारे करत, काळांची सगळी सरमिसळ करत. कालचा पेशंट मध्येच आजचा होत होता. दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्यांनी काय केलं, ते सगळं मला समजलं होतं.

“कळलं?”

“कळलं.”

“त्या बाईला कळंल?”

“ते मला माहीत नाही, सिस्टर.”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “बरं. परत विचारा.”