दोन आखूड वाक्यं

गल्लीत त्यांना सगळे डिक्शनरी म्हणत. कचेरीत हेडक्लार्क असताना साहेबांची इंग्रजी पत्रं त्यांच्याच हातून जायची. एका शब्दात भागेल तिथे त्यांचे पाच हजर, आणि पाचही भारीतले. बायको म्हणायची, "ह्यांच्या पत्रात नमस्कारालाच अर्धं पान जातं." निवृत्तीनंतर लिहून घ्यायला कुणी येईना, आणि गृहस्थाचे हात शिवशिवायचे.

त्यांची सून दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी सांभाळून विद्यापीठात शिकत होती. तिथे इंग्रजी लेखनाचा एक विषय होता, आणि तो सुटल्याशिवाय पुढचं वर्ष नाही. महिनाभर खपून तिने निबंध लिहिला: तपासणी करून गेलेले पेशंट रिपोर्ट न्यायला का येत नाहीत? द्यायच्या दिवशी नेमकी जादा ड्यूटी लागली. तिने फोन केला, "बाबा, कॉम्प्युटरवर आहे. स्पेलिंग तेवढं बघा आणि पाठवून द्या."

डिक्शनरींनी निबंध उघडला आणि कपाळाला हात लावला. 'आम्ही त्यांना कारण विचारलं.' बस्स, एवढंच वाक्य! हे विद्यापीठात जाणार? घराण्याची अब्रू होती की नव्हती? जेवण बाजूला ठेवून ते बसले. त्या एका वाक्याच्या चार ओळी झाल्या. जुनं पुसत, नवं टाकत अख्खा निबंध त्यांनी नटवला, पाठवला, आणि शाबासकीची वाट बघत मिशीतल्या मिशीत हसत राहिले.

आठवड्याने सून विद्यापीठातून आली ती चपला न काढताच आत आली.

"बाबा, तुम्ही काय केलंत?"

"का? आवडला ना तुमच्या लेखनाच्या बाईंना?"

तिने कागद पुढे ठेवले. त्यांच्या सर्वांत लाडक्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, 'म्हणजे काय?' खाली शेरा होता: 'वर्गात तुम्ही असं लिहीत नाही. हे दुसऱ्याचं लेखन आहे. चौकशीला हजर राहा.'

"दुसऱ्याने लिहिलं असं ठरलं तर विद्यापीठातून नाव काढून टाकतात," ती म्हणाली.

डिक्शनरींच्या पायाखालची जमीन सरकली. खरं सांगायचं तर आधी सरकली ती त्या 'म्हणजे काय?'ने, सुनेचं नाव जायची गोष्ट त्यानंतर डोक्यात शिरली. याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

"मग सांगून टाक ना, सासऱ्याने केलं म्हणून!"

"कसं सांगू? तुम्ही इंग्रजीतले एवढे मोठे. तुमची शोभा करू?"

ते मटकन खाली बसले. पोरगी शिक्षणावर पाणी सोडायला निघाली होती, आणि ते कुणासाठी, तर त्यांच्या भारीतल्या पाच शब्दांसाठी.

चौकशीला ते न बोलावता गेले. इंग्रजीतून निवेदन पाठ केलं होतं, 'अत्यंत विनम्रतेने आणि अंतःकरणपूर्वक'पासून सुरू होणारं. टेबलापलीकडे तिघं बसले होते, मधल्या त्या लेखनाच्या बाई. अलीकडे सून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. ते बघितलं आणि पाठ केलेलं सगळं साफ उडालं.

"मी लिहिलं," ते इंग्रजीतून म्हणाले. "हिला माहीत नव्हतं."

मग बाईंनी चष्मा काढला.

"कळलं," त्या म्हणाल्या. "हिने निबंध इथे आमच्यासमोर बसून पुन्हा लिहावा. स्वतःचा."

सून तिथेच खुर्ची ओढून बसली. डिक्शनरी बाहेर बाकावर आले. उभा जन्म इंग्रजी लिहिण्यात गेला होता, खाली साहेबांच्या सह्या झाल्या होत्या, गल्लीत नाव झालं होतं. पण आपण बोललो आणि समोरचा 'कळलं' म्हणाला, असं कधी घडलेलं त्यांना आठवेना. दार उघडून सून बाहेर आली तरी ते तसेच, थिजल्यासारखे बसून होते.