नॉर्मल का सिझर?

सोनोग्राफीला जाते ती पोटुशी बाई, असा आमच्या वणीत सगळ्यांचा पक्का समज. माझ्या नवऱ्याने तो मोडला. दर सहा महिन्यांनी हे गृहस्थ सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पोट दाखवायला निघायचे. सोबत मी.

सुरुवात जयंतीला भरलेल्या रक्तदान शिबिरातून झाली. खाणीतल्या सोबत्यांबरोबर यांनीही मोठ्या रुबाबात रक्त दिलं. मग फोन आला, रक्त चालणार नाही, येऊन भेटा. डॉक्टर म्हणाले, हेपॅटायटिस बी. आपल्याकडे हिला पांढरी कावीळ म्हणतात. कोळशाचे डंपर चालवून रंग पक्का झालेला आमचा माणूस म्हणाला, "मी एवढा काळा, मले पांढरी कशी होईन?"

डॉक्टर हसले, पण पुढचं त्यांनी नीट समजावून सांगितलं. हा आजार वर्षानुवर्षं गुपचूप बसतो आणि काही दुखत-खुपत नसतानाही लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ धरू शकते. लहान असताना सापडली तर इलाज होतो. दुखायला लागल्यावर सापडली तर बहुतेक उशीर झालेला असतो. म्हणून रोज गोळी, आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व रक्ततपासणी. माझंही रक्त तपासलं, मी लस टोचून घेतली आणि या माणसाच्या पोटावर पहारा द्यायला बसले.

दवाखान्यात आमची फार शोभा व्हायची. बाकावर सगळ्या पोटुश्या बाया आणि मधोमध हे, माझी पिशवी मांडीवर घेऊन. बायांना पाण्यावर पाणी पाजत, यांना मात्र उपाशीपोटी यायचं, चहासुद्धा बंद. भिंतीवर गर्भलिंग निदान केलं जात नाही अशी पाटी. ती वाचून हे दरवेळी मला म्हणायचे, "इचारून पाह्य ना, पोरगा हाये का पोरगी." एकदा शेजारच्या बाईने मला मायेनं विचारलं, "कितवा महिना ताई?" मी यांच्याकडे बोट दाखवलं. ती थोडी सरकून बसली.

रिपोर्ट घेऊन परतताना हे पानठेल्यावर थांबायचे. ठेलेवाला यांचा लहानपणापासूनचा मित्र. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता विचारायचा, "काय झालं गड्या? नॉर्मल का सिझर?" हे छाती पुढे काढून सांगायचे, "नॉर्मल!" मग सगळा ठेला पेढे मागायचा.

या नॉर्मलनेच घात केला. इतक्यांदा ऐकल्यावर यांना वाटलं, आपण बरे झालो. दिवाळीनंतरची तारीख आली तेव्हा म्हणाले, "आता कायले जाचं? दरवेळी नॉर्मलच येते. वरून सारे हासून राह्यले." मित्रानेही एका वैदूचा पत्ता देऊन ठेवला होता. तो रोग्याच्या गळ्यात माळ घालतो, माळ लांबत गेली की कावीळ उतरते म्हणे.

मी भांडले नाही. सकाळी गॅसच पेटवला नाही. "उपाशीच आहात, त तपासूनच या," म्हटलं. ठेल्यावर चहा प्यायला जावं तर तिथे हसणारे बसलेले. पाय आपटत निघाले.

त्या दिवशी डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा मशीन फिरवत राहिले. यांनी विनोद केला नाही, मीही नाही. नागपूरला सीटी स्कॅन झालं. गाठ होती. लहान, पण कॅन्सरची. "वेळेवर आलात," तिथले डॉक्टर म्हणाले. पोटातून सुई घालून त्यांनी ती जाळून टाकली. वरून बघितलं तर एवढासा डाग. तो पाहून मी जिन्यात जाऊन पोटभर रडले.

परत आल्यावर हे ठेल्यावर गेले. मित्राला सगळं कळलं होतं. तो मान खाली घालून नुसता खर्रा घोटत राहिला. शेवटी हेच म्हणाले, "इचार ना बे."

"नॉर्मल का..." मित्र म्हणाला.

"सिझर," हे म्हणाले. "बाळंतीण चांगली हाये."

त्याने यांचा हात धरला तो सोडेचना.

पांढरी कावीळ गेलेली नाही, ती सोबतच राहणार. गाठ पुन्हा धरू शकते, म्हणून आता पहिल्यापेक्षा लवकर बोलावतात. मला रात्री भीती वाटते, हे मात्र घोरत असतात. परवा तपासणीच्या सकाळी मी उठले तर चहाचं पातेलं यांनीच उचलून वर फळीवर ठेवलेलं.

दवाखान्यात बाकावर एक नवी पोरगी होती. तिने यांना विचारलं, "काका, कोनाले आनलं?"

"मीच आलो माय," हे म्हणाले. "पहिलं सिझर झालं. आता जपा लागते."