सावलीच्या बाजूची बाल्कनी

माझ्या बायकोला गाडी लागते. थोडीथोडकी नाही. समुद्रपूरहून बस सुटली की जामची चौफुली यायच्या आत तिचा चेहरा उतरतो आणि हात प्लॅस्टिकच्या पिशवीकडे जातो. आणि मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. अख्ख्या तालुक्याला मी इकडचं तिकडं नेलं, पण घरचं एक माणूस मला धड कुठं नेता आलं नाही. याचं मला फार वाईट वाटायचं.

रेल्वेत ती गोळी घेऊन झोपून जाते, तेवढं निभतं. पण आमची एकुलती एक मुलगी निलगिरीच्या डोंगरात शाळेत शिकवते आणि तिच्या गावी जायला शेवटचे तीन तास नुसता घाट आहे. सात वर्षांत बायकोनं लेकीचं घर पाहिलं ते फोनवरच. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कोणता डोंगर दिसतो हे तिला पाठ आहे, पण त्या खिडकीशी ती कधी उभी राहिलेली नाही.

मी निवृत्त झालो तेव्हा मुलगी-जावयानं आम्हाला क्रूझची सहल भेट दिली. मुंबईहून गोवा आणि परत. खोली बाल्कनीवाली, पण जहाजात नेमकी कुठली घ्यायची ते तुम्हीच ठरवा, असं मुलगी म्हणाली. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवायला वाढताना तिनं अट घातली.

"येतो मी. पण समुद्रावर मले एकदा जरी उलटी झाली, तं पोरीच्या घाटाचं नाव पुन्हा काढाचं नाई."

म्हणजे सगळं आता एका खोलीवर आलं होतं.

मुलीनं जहाजाचा नकाशा फोनवर पाठवला होता. एवढ्याशा पडद्यावर काय कळणार? मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन एकेका मजल्याचा मोठा कागद काढून आणला आणि सगळे कागद एकाखाली एक दिवाणखान्याच्या भिंतीवर चिकटवले. बायको त्यांच्याकडे न बघता केर काढायची. विहारातली मित्रमंडळी चहाला आली की मतं द्यायची, आणि सगळ्यांचं मत एकच, की सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची खोली घ्या. बुकिंग करणारा नागपूरचा पोरगाही फोनवर तेच सांगायचा. काका, वरून व्ह्यू भारी येतो.

मी मनात म्हटलं, बाबांनो, तुम्ही कधी मागच्या सीटवर बसून खड्ड्यातून गेला नाहीत काय? बस मागं उडते, पुढं आपटते आणि दोन्ही चाकांच्या मधे सगळ्यात कमी हलते. ज्याला गाडी लागते त्याला मी नेहमी मधल्या सीटवर बसवायचो, भांडण काढून बसवायचो. बायकोही त्या सीटवर हिंगणघाटपर्यंत तग धरायची. जहाज कितीही मोठं असलं तरी पुढून-मागून उचललं जाणारच, आणि वर जितकं जावं तितकं जास्त डुलणार. म्हणून खोली लांबीच्या बरोबर मधे आणि होईल तितकी खाली. मी पट्टी लावून मधोमध पेनानं रेघ ओढली.

मग वर काय आणि खाली काय ते पाहिलं. एका खोलीच्या डोक्यावर पोहण्याचा तलाव होता, म्हणजे पहाटेपासून खुर्च्या ओढण्याचा खडखडाट. दुसरीच्या खाली नाचगाण्याचा हॉल. मला वरही खोल्या हव्या होत्या आणि खालीही खोल्याच. अशी एक सापडली, तर मी त्या पोराला विचारलं की बाल्कनीसमोर काही लटकतं का? तो आधी हसला. मग चौकशी करून त्याचाच फोन आला, की काका, त्या मजल्यासमोर संकटकाळच्या होड्या टांगलेल्या असतात. बसमधे नेमका डोळ्यापुढं खिडकीचा दांडा येणारी एक सीट असतेच, ती मला ठाऊक नसेल तर कुणाला? मी एक मजला वर सरकलो.

राहिली बाजू. जहाज दक्षिणेला जाणार, ऊन संध्याकाळी पश्चिमेचं, म्हणजे सावली डावीकडे. मी डावी बाजू सांगितली. पोरगा कळवळून म्हणाला, "काका, लोक सूर्यास्तासाठी उजवी बाजू मागतात."

"सूर्य आम्ही वर्धा जिल्ह्यात पोटभर पाहून राह्यलो," मी म्हटलं. "तू सावलीची बाजू दे."

जहाजावर चढताना बायकोच्या पर्समधे लिंबू, आवळासुपारी आणि सहा पिशव्या होत्या. जहाज हललं तशी ती पलंगावर डोळे मिटून पडली. मी बाल्कनीच्या दारात, बाल्कनीत छान सावली, आणि माझं सगळं लक्ष तिच्या तोंडाकडे. अर्ध्या तासानं तिनं डोळे उघडून विचारलं, जहाज सुरू काऊन नाई झालं अजून? मी तिला उठवून बाहेर आणलं. मुंबई बोटभर उरली होती. ती कठडा धरून उभी राहिली. सकाळी लांबवर किनाऱ्याची पुसट रेघ दिसत होती, तिच्याकडे बघत तिनं दोन कप चहा घेतला आणि मला माझ्या नकाशाचा भलताच अभिमान वाटला.

तो अभिमान परतीच्या संध्याकाळी उतरला. गोव्याहून जहाज निघालं, वळलं आणि तिरपं कडक ऊन थेट आमच्या बाल्कनीत घुसलं. जाताना सावलीची असलेली बाजू येताना उन्हाची होते, हे मी एकतीस वर्षं प्रवाशांना ओरडून सांगत होतो, आणि स्वतःच्या वेळी परतीचा विचारच केला नाही. मी स्वतःवर इतका चिडलो की पडदा ओढायला निघालो. बायको पोट धरून हसायला लागली. मग तिनं पडदा बाजूला केला, खुर्ची उन्हात ओढली आणि मलाही बसवलं.

सूर्य खाली खाली आला, लाल झाला आणि पाण्यात गेला. आमच्याकडे तो तुरीच्या शेतामागे जातो, इथं मधे काहीच नव्हतं. जहाज हलत होतं, हे आता मलाही जाणवत होतं. ती मात्र मांडी घालून सुपारी चघळत बसली होती, घरच्या ओसरीवर बसते तशी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मुंबईला उतरताना तिनं सहाच्या सहा कोऱ्या पिशव्या माझ्या हातात दिल्या.

"पोरीकडच्या गाडीत मधातली सीट घेजा," ती म्हणाली. "आन आता सावली पाहू नोका. डोंगर कोणत्या बाजूले दिसते, ते पाहा."